गाठीमागची सूत्रकृमी

टोमॅटोचे किंवा वांग्याचे झाड पुरेसे पाणी मिळूनही दुपारी माना टाकू लागले आणि पाने पिवळी पडू लागली, तर ते हिसक्याने न उपटता मुळांसकट खणून काढावे, कारण रोगाची खूण मुळांवरच सापडण्याचा संभव असतो. पण मुळांवरची प्रत्येक गाठ रोगाची नसते: भुईमुगाच्या मुळांवरील नत्राच्या गाठी कडेला चिकटलेल्या असतात व चोळल्यास सुटतात. सूत्रकृमी या सूक्ष्म कृमींमुळे झालेली गाठ म्हणजे मात्र फुगलेले मूळच असल्याने ती सुटत नाही.

अशा गाठी प्रामुख्याने मेलॉइडोगायनी या प्रजातीच्या, म्हणजे निकटच्या अनेक जातींच्या समूहाच्या, सूत्रकृमींमुळे होतात. त्यांची नोंद इंग्लंडमध्ये 1855 साली बर्कले यांनी काकडीच्या मुळांवर केली. तथापि पुढे दीर्घकाळ या सगळ्या एकाच नावाखाली मोडत असत, आणि 1949 मध्ये चिटवुड यांनी त्या निरनिराळ्या जातींत विभागल्या.

चिटवुड यांचा आधार म्हणजे मादीच्या पार्श्वभागावरील रेषांची नक्षी. गाठीतून मोत्यासारखी पांढरी, जेमतेम मिलिमीटरभर मादी सुईने काढून तिचा मागचा भाग लॅक्टिक आम्लात कापतात, आतील ऊतक साफ करतात व उरलेली त्वचा ग्लिसरिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इनकॉग्निटा जातीत रेषांची कमान उंच व चौकोनी, जावानिका जातीत दोन्ही बाजूंना ठळक पार्श्वरेषा, तर हाप्ला जातीत शेपटीजवळ बारीक ठिपके दिसतात. ही पद्धत स्वस्त आहे, पण वाटते तितकी निर्णायक नाही; एकाच शेतातील माद्यांत नक्षी बदलते, म्हणून एका मादीवरून निवाडा करू नये. पेरूच्या बागांना छळणारी एन्टरोलोबी ही जात तर नक्षीवरून इनकॉग्निटा समजली जाण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच विकरांची वा डीएनएची तपासणी जोडावी लागते.

हा काटेकोरपणा निष्फळ नाही. टोमॅटोच्या प्रतिकारक वाणांतील ‘एमआय’ नावाचा जनुक इनकॉग्निटा, जावानिका व अरेनारिया यांना सामान्यतः रोखतो, पण एन्टरोलोबीपुढे तो निष्प्रभ ठरतो. भुईमुगावर इनकॉग्निटा वाढत नाही, म्हणून तिचा उपद्रव असलेल्या शेतात भुईमुगाचा फेरपालट उपयोगी पडतो. त्याच भुईमुगावर अरेनारिया जातीचा पहिला वंश मात्र चांगला पोसला जातो.