अश्लील विनोद, सेन्सॉरशिप आणि आपली भूमिका

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्यापुढे एका निवेदनाचा मसुदा आहे. इंटरनेटवरील विनोदी कार्यक्रमांतून स्त्रियांची व अपंगांची जी हेटाळणी चालते तिचा त्यात निषेध केला आहे आणि अखेरीस अशी मागणी केली आहे की, असे कार्यक्रम प्रसारणापूर्वी सरकारने तपासावेत. मसुदा लिहिणाऱ्या साथींचा संताप खरा आहे आणि तो माझाही आहे. तथापि या शेवटच्या मागणीस माझा विरोध आहे व तो मांडण्यासाठीच मी येथे उभी आहे.

माझे काम भाषांतराचे, त्यामुळे शब्दांपाशी अडखळणे ही आमची खोड. इंग्रजीतील ‘व्हल्गर’ हा शब्द लॅटिनमधील सामान्य जनसमूहाच्या नावावरून आला. आपल्याकडे त्याला ‘ग्राम्य’ म्हणतात, आणि संस्कृत साहित्यशास्त्राने ग्राम्यता हा काव्यातील दोषच ठरविला आहे. म्हणजे दोन्हीकडे वरच्या वर्गांनी कष्टकऱ्यांच्या बोलीलाच ओंगळपणाचे नाव दिले. परंतु आज ज्या विनोदावरून वाद माजला आहे तो काही खेड्यातून आलेला नाही. तो मुंबईच्या उपनगरांतील वातानुकूलित दालनांत तिकीट लावून चित्रित होतो. तो जितके लोक पाहतील तितके जाहिरातीचे उत्पन्न वाढते, आणि किळस किंवा धक्का हा तेथे भांडवल असतो. त्याला लोकांची भाषा म्हणून डोक्यावर घेण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. तो बाजारी माल आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैना यांच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमात रणवीर अलाहाबादिया यांनी आईवडिलांच्या शरीरसंबंधांविषयी एका स्पर्धकाला अत्यंत हिणकस प्रश्न विचारला. महाराष्ट्रात व आसामात गुन्हे नोंदविले गेले, केंद्र सरकारच्या सूचनेवरून तो भाग यूट्यूबवरून उतरविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले, पण अलाहाबादियांचे प्रसारण काही काळ थांबविले आणि केंद्राला नियमावलीचा विचार करण्यास सांगितले. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना वाटले की, बरे झाले.

हे चित्रीकरण खार येथील हॅबिटॅट या दालनात झाले होते. पुढच्याच महिन्यात, २३ मार्चच्या रात्री, त्याच दालनाची मोडतोड झाली. या वेळी कारण अश्लीलतेचे नव्हते. कुणाल कामरा यांनी तेथे चित्रित केलेल्या कार्यक्रमात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटले होते. मोडतोड करणारे शिंदे यांच्या पक्षाचे कार्यकर्ते होते. त्यांच्यापैकी बारा जणांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, मुंबई महापालिकेचे लोक हातोडे घेऊन आले. (बरोबर दहा वर्षांपूर्वी, २४ मार्च २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले होते.) याच्याशेजारी इंदूरची हकीकत ठेवून पाहा, तेथील आपल्या मराठी साथींना ती ठाऊकच आहे. १ जानेवारी २०२१ रोजी मुनव्वर फारुकी यांना भाजप आमदाराच्या मुलाच्या तक्रारीवरून पकडण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात होते.

सभ्यतेच्या नावाने दिलेले हत्यार कोणावर चालते, याचा इतिहास जुना आहे. प्रिन्स ऑफ वेल्सचे घरी स्वागत करणाऱ्या एका वकिलाची टवाळी करणारे प्रहसन १८७६ साली कलकत्त्याच्या रंगभूमीवर आले. इंग्रज सरकारने फेब्रुवारीत वटहुकूम काढला, मार्चमध्ये नाट्यकर्मींना पकडले. मात्र आरोप ठेवला तो ‘सुरेंद्र-विनोदिनी’ या दुसऱ्याच नाटकातील अश्लीलतेचा! उपेंद्रनाथ दास व अमृतलाल बसू यांना शिक्षा झाली आणि ती हायकोर्टात टिकली नाही. मग वर्षअखेरीस नाट्यप्रयोगांचा कायदाच करण्यात आला. त्यात राजद्रोह आणि नीतिभ्रष्टता एकाच कलमात शेजारी बसविली होती. हाच कायदा स्वातंत्र्यानंतर लखनौमध्ये ‘इप्टा’च्या ‘ईदगाह’ या नाटकाविरुद्ध वापरला गेला. १९५६ साली अलाहाबाद हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरविला, तरी कायद्याच्या पुस्तकातून तो गेला २०१८ साली.

महाराष्ट्रातील उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. अश्लील म्हणून मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाचे लोकनाट्य केले, त्यातून गवळण वगळली, गणात गणपतीऐवजी मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन आणले. आक्षेपाचे जे कारण सांगितले जात होते तेच त्यांनी काढून टाकले. सरकार संतुष्ट झाले काय? लाल बावटा कलापथकावर बंदी आली आणि ‘माझी मुंबई’वरही आली. अश्लीलता गेली तेव्हा उरले ते फक्त गिरणी कामगाराचे बोलणे, आणि सरकारला डाचत होते ते तेच.

काही साथी विचारतात की, मग ज्यांचा अपमान झाला त्यांनी काय करावे? प्रश्न रास्त आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था स्वतः न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रैना व इतर विनोदकारांना जाहीर माफी मागण्याचा आदेश झाला. येथे तक्रारदार म्हणून प्रत्यक्ष दुखावलेला माणूस उभा होता, ‘समाजाच्या भावना’ नव्हेत. शिवाय अश्लीलतेविरुद्ध न्याय संहितेचे कलम २९४ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहे, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा आहे. यांतील प्रत्येक कायदा वाक्य उच्चारले गेल्यानंतर लागू होतो. मसुद्यातील मागणी उच्चारापूर्वीची आहे आणि ती मान्य झाली तर तपासनीस नेमणारे कोण असतील, हे खारमध्ये दिसलेच आहे.

मसुद्यातील निषेधाचा भाग जशाचा तसा राहावा. शेवटचा परिच्छेद वगळून तेथे दोन मागण्या घालाव्यात: प्रसारण कंपन्यांनी दुखावलेल्या व्यक्तीच्या तक्रारीस ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, आणि हॅबिटॅटची मोडतोड करणाऱ्यांवरील खटले तडीस न्यावेत. उद्याच्या बैठकीसाठी दुरुस्तीचा मजकूर मी लिहून आणला आहे. ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी जेवणाच्या सुटीत करावी.