सासवण्याला पुतळे बघायला गेलो

 

पुतळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौक येतो. डोक्यावर फेटा नाहीतर टोपी, एक हात वर, खाली पाटी, आणि जयंतीला हार. बाईचा पुतळा असलाच तर ती राणी असते नाहीतर देवी. मासे विकणारीचा पुतळा कोण करणार? म्हशीचा कोण करणार? तर एकानं केलेत, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावात शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचं घर आहे. त्या घरातच त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. दीडशेच्या आसपास शिल्पं आहेत, आणि सगळी एकाच माणसाच्या हातची. कर्जत आणि खालापूरच्या बचत गटांतल्या आम्ही सतरा जणी गाडी करून तिथं जाऊन आलो. आज त्याचंच सांगणार आहोत.

आधी करमरकरांबद्दल थोडं सांगतो. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म सासवण्याचाच, १८९१ सालचा. घरात गणपती करायचा परिपाठ होता. त्यामुळे माती लहानपणापासून हातात. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर या पोरानं शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि तिथले कलेक्टर होते ऑटो रॉथफील्ड. गावात आले असताना त्यांची नजर त्या चित्रावर गेली. कुणी काढलं म्हणून चौकशी केली, आणि मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घालायची सोय केली. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, लंडनला जाऊन शिकून आले, पुन्हा कलकत्त्याला त्यांनी काम केलं. नाव झालं, पद्मश्री मिळाली. १९६७ साली ते गेले.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम म्हणजे पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा घोड्यावरचा पुतळा. साडेतेरा फूट उंच, वजन आठ टनांच्या घरात. तो माझगावच्या गोदीत एकसंध ओतला आणि १९२८ च्या जूनमध्ये पुण्यात बसवला. मुंबईहून तो रेल्वेनं गेला. म्हणजे आपल्या कर्जत स्टेशनातून, आपल्याच घाटातून! घाटातल्या बोगद्यांतून एवढा उंच पुतळा जाईल की नाही याची तेव्हा मोठी धास्ती होती, असं सांगतात. गाडीत हे ऐकल्यावर आमच्यातली एक भिवपुरीची काकू म्हणाली, "म्हणजे माझ्या सासऱ्यांनी बघितला असंल की गं वॅगनीत!" मग पेण येईपर्यंत तेच चाललं होतं.

आता घराच्या अंगणात चला. नारळाची झाडं, मोकळी हवा, आणि मधे म्हैस. सिमेंटची. पण आमच्यातली एक तीस वर्षं दूध घालते, ती सरळ म्हशीच्या पाठीमागच्या बाजूला गेली आणि वाकून बघायला लागली. हाडं कशी बसलीत, कातडी कुठं सैल आहे, मान कशी टाकलीय. म्हणाली, "ज्यानं केलीय ना, तो म्हशीजवळ बसलेला माणूस आहे." आमच्या मते त्या दिवशीचं सगळ्यांत पक्कं मत तिनंच दिलं.

ही सिमेंटची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. पुतळा म्हणजे संगमरवर नाहीतर ब्राँझ, असं आपण धरून चालतो. शिल्पकार आधी लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर ओल्या मातीत सगळं घडवतो. माती सुकली की तडकते, हे चूल घालणारीला काय सांगायचं! म्हणून ओली असतानाच तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढतात. मग त्या साच्यात प्लास्टर किंवा सिमेंट ओततात. ब्राँझ राजेमहाराजांना परवडणार. कोळणीच्या पुतळ्याची ऑर्डर कोण देणार आणि ब्राँझचे पैसे कोण भरणार? करमरकरांनी घराच्या बांधकामाचं साधं सिमेंट घेतलं आणि त्यात आपल्या गावची माणसं केली.

त्या कोळणीसमोर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. तिथं देवीपण नाही की लाजणं नाही. काम करणाऱ्या बाईचं अंग कसं भरतं, खांदा कसा होतो, हे त्यात आहे. आमच्यातल्या दोघी खोपोलीच्या बाजारात सुकी मासळी विकतात. त्यांतली धाकटी थोरलीला म्हणाली, "ताई, हिचं नाव काय असंल? आन् हिच्या हाताला माती लागू दिली असती तर हिनं काय केलं असतं?"

प्रश्न बोचरा आहे. घरी परतताना तोच आमच्या डोक्यात होता. त्या रॉथफील्डसाहेबांनी पुढे हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात धुरंधरांनी काढलेली चित्रं आहेत. बायका चित्रात होत्या, चित्र काढणाऱ्या नव्हत्या. भिंतीवर मुलानं काढलं तर साहेबानं शाळेत घातलं. आपल्याकडे मुलीनं भिंतीवर काही काढलं तर तिला भिंत सारवायला लावतात. बरं, हात तर आपलेच असतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांमध्ये रंगकामाला कितीतरी बायका बसतात. हात स्थिर असल्याशिवाय ते काम जमत नाही. पण कारखान्याच्या पाटीवर त्यांतल्या कितींची नावं असतात, ते येता-जाता बघा.

आमच्याबरोबर एकीची नववीतली मुलगी होती. नाव सांगत नाही. ती घरी शाडूची माणसं करते, बैल करते. वडील म्हणतात, "त्यानं पोट भरतं का?" तिच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षकच नाहीत. सासवण्याला ती एका म्हाताऱ्याच्या डोक्याभोवती तीनदा फिरली. आम्ही जेवायला बसलो तरी ती तिथंच. तिची आई आमच्याकडे बघून म्हणाली, "आता मी हिच्या बापाला काय सांगू?"

त्या आईसाठी आम्ही दोन-तीन ठिकाणी विचारलं, ते तुम्हालाही सांगतो. कला संचालनालय एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट अशा दोन शासकीय चित्रकला परीक्षा घेतं. इंटरमिजिएट पास असेल तर दहावीला ग्रेडप्रमाणे जादा गुण मिळतात. हे सांगितलं की बहुतेक वडील जरा मऊ होतात, आमचा अनुभव आहे. आपल्या शाळेत चित्रकलेचे सर नसतील तर तालुक्यात ज्या शाळेत आहेत तिथं जाऊन विचारायचं, शाळा सुरू झाल्या झाल्या, कारण फॉर्म पावसाळ्यात भरतात. बारावीनंतर कलेच्या पदवीसाठी प्रवेशपरीक्षा आहे. आणि करमरकर जिथं शिकले ते जे. जे. आजही मुंबईत, सीएसएमटी स्टेशनच्या जवळच आहे. करमरकरांना खाडी ओलांडून जावं लागलं. आपल्या मुलींना कर्जतहून, खोपोलीहून थेट लोकल आहे. तेवढ्याच लोकलनं आपली माणसं रोज कामाला जातातच ना.

जायचं असेल त्यांच्यासाठी वाट सांगतो. खोपोलीहून पेण, मग वडखळ, पोयनाड, अलिबाग. तिथून मांडव्याच्या रस्त्याला लागायचं. आवासच्या पुढे सासवणे. एसटीनं गेलात तर अलिबागला गाडी बदलावी लागते. एका दिवसात होतं, फक्त पहाटे निघा आणि संग्रहालय कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या. डबे घरून न्या. मुलींना न्या. आणि म्हशीजवळ उभं राहून फोटो काढून झाला की एकदा मागच्या बाजूनंही बघा.

ती नववीतली मुलगी आता दर रविवारी नेरळला एका शिक्षकांकडे जाते. आई सोबत जाते, बाहेर ओट्यावर बसते आणि तेवढ्या वेळात गटाचा हिशेब लिहून काढते.