सांध्यांचे दुखणे आणि मनाची हालत



आम्ही दोघी बहिणी आज घरातलीच गोष्ट सांगणार आहोत. आमच्या आईला आमवात आहे. डॉक्टर त्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वयोमानाने गुडघे झिजतात ते दुखणे वेगळे. ह्यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पट जास्त. सकाळी आईची बोटे अशी आखडत, की तास-तासभर कपबशी धरता येत नसे.

पण दुखणे सांध्यांपाशीच थांबत नाही, हे आम्हांला उशिरा कळले. आई गॅसवरचे दूध विसरायची. ओळखीची नावे आठवायची नाहीत. बोलता बोलता डोळ्यांत पाणी यायचे. आम्ही चिडून म्हणायचो, "आई, तुझं लक्ष असतं तरी कुठे?" मग एकदा, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी तिने लागोपाठ दोन दिवस घेतली. ही गोळी रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, जिवावर बेतू शकते. पाकीट पाहिले आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. तसेच तिला घेऊन दवाखाना गाठला. वेळेवर कळले म्हणून निभावले.

तिथे डॉक्टरांनी समजावले. आजारातल्या सुजेचा परिणाम मेंदूवरही होऊ शकतो. वेदनेने झोप मोडते. दुखणे सोसण्यातच लक्ष खर्ची पडते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही काहींची चिडचिड वाढते. त्यात उदासी आली, की आठवण आणखी मंदावते. आमवाताच्या रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळते. म्हणजे आईचा तो आळस नव्हता, नाटकही नव्हते. आम्ही मात्र तिला बोल लावत होतो.

मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचे म्हटल्यावर आई म्हणाली, "मी काय वेडी झाले का गं?" समजूत घालायला महिना गेला. आता गोळीचा वार रविवार. कॅलेंडरवर खूण करून गोळी आम्हीच हातावर देतो. बोटे वाकडी झाली ती झालीच, पण आई आता शेजारणींत बसून हसते.

म्हणून विनंती एवढीच, घरात असे कुणी असेल तर "हात कसे आहेत?" याबरोबर "मन कसं आहे?" हेही विचारा. २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येते.