ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होत नाही? आधी कारण शोधा, मग खर्च करा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



आज मी बियाण्याविषयी किंवा खताविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते ट्रॅक्टरच्या बॅटरीविषयी. तुम्ही म्हणाल, हा तर मिस्त्रीचा विषय, शेती अधिकाऱ्याचं इथं काय काम? पण वाफसा आलेला असताना ट्रॅक्टर उठला नाही, तर नुकसान पिकाचंच होतं. म्हणून हा विषय घेतला.

माझ्या विभागातील एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. हस्ताचा पाऊस पडून गेला होता. रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी रानाला सुरेख वाफसा आला. ट्रॅक्टर दीड महिना छपरात उभा होता. चावी फिरवली तर नुसता 'कट्' असा आवाज. चार जणांनी ढकलून इंजिन सुरू केलं, दोन तास काम केलं, जेवणासाठी बंद केलं. पुन्हा तोच आवाज. शेतकरी तालुक्याला गेला, जुनी बॅटरी मोडीत देऊन नवी घेऊन आला. आठ दिवसांत नवी बॅटरीही बसली!

मी बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो, तेव्हा हे समजलं. शेजारच्या गावचा वायरिंगचा मिस्त्री आला. त्यानं बॉनेट उघडून पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा दीड इंच आत गेला. सैल पट्टा पुलीवर घसरत होता, अल्टरनेटर नीट फिरतच नव्हता. पट्टा ताणायला दहा मिनिटं लागली, पण तोवर दोन एकरांचा वाफसा उडून गेला होता. तिथली उगवण विरळ झाली. आणि मोडीत दिलेली बॅटरी खरोखर खराब होती का, हे आता कळायला मार्ग नाही.

त्या दिवशी मिस्त्रीकडून मी तपासणीचा क्रम शिकून घेतला. तोच आज सांगतो.

हे नीट समजण्यासाठी आपला हौद डोळ्यांसमोर आणा. बॅटरी म्हणजे हौद. अल्टरनेटर, किंवा जुन्या ट्रॅक्टरवरचा डायनॅमो, म्हणजे हौद भरणारी मोटर. वायरी म्हणजे पाइप. हौदात पाणी नाही म्हणून कुणी हौद फोडून नवा बांधत नाही. आधी मोटर पाहतो, पाइप पाहतो, कुठं गळती आहे का ते पाहतो. बॅटरीचंही तसंच करायचं.

पहिली गोष्ट, मीटरवरचा बॅटरीचा लाल दिवा. इंजिन बंद असताना चावी लावली की हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. इंजिन चालू असतानाही तो जळत राहिला, तर बॅटरीला वीज मिळत नाही असं समजा. चावी लावल्यावर दिवा लागतच नसेल, तर तेही दुर्लक्ष करू नका. पुष्कळ अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. एवढासा बल्ब गेला तरी चार्जिंग अडू शकतं.

दुसरी गोष्ट, पट्टा. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. दोन पुलींमधल्या लांब भागावर मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण अर्धा इंच आत जावा. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जे माप दिलं असेल ते खरं. पट्टा गुळगुळीत चकाकत असेल, तडे गेले असतील किंवा त्याला तेल लागलं असेल, तर बदला. मात्र तारेसारखा कडक ताणू नका, बेअरिंग जातात. बऱ्याच ट्रॅक्टरवर हाच पट्टा पंखा आणि पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून बॅटरी उतरते आणि इंजिनही तापतं, अशी दोन्ही लक्षणं दिसली तर आधी पट्ट्याकडे जा.

तिसरी गोष्ट, टर्मिनल आणि अर्थची वायर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते, ती वीज अडवते. सफाई करताना अर्थची, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली वायर आधी सोडा. बहुतेक ट्रॅक्टरना ती मायनसची असते. जोडताना हीच वायर सर्वांत शेवटी जोडा. असं केलं म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशनं घासा. बूच घट्ट असू द्या, सोडा बॅटरीत जाता कामा नये. कोरडं करून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. अर्थच्या वायरीचं दुसरं टोक जिथं बोल्टला बसतं, तिथला गंज आणि रंगही घासून काढा. ही जागा कुणी बघत नाही, आणि दोष नेमका तिथंच असतो.

चौथी गोष्ट, पाणी. बूच असलेल्या बॅटरीची सहाही घरं पाहा. पाणी शिशाच्या प्लेटांच्या वर साधारण अर्धा इंच, किंवा बॅटरीवर खूण असेल तिथपर्यंत हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. वरून अ‍ॅसिड तर मुळीच ओतू नका. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. सीलबंद बॅटरी उघडण्याचा प्रयत्न करू नका.

पाचवी गोष्ट, व्होल्ट मोजणं. साधा मल्टिमीटर आता गावोगावी मिळतो. बॅटरी चार-पाच तास स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता इंजिन सुरू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा वर चढलाच नाही आणि पट्टा, वायरी चांगल्या असतील, तर दोष अल्टरनेटरचा किंवा रेग्युलेटरचा. ते मिस्त्रीचं काम. १५ च्या वर गेला तरी रेग्युलेटर दाखवा, नाहीतर बॅटरीचं पाणी उकळून उडून जाईल.

चार्जिंग ठीक असून सकाळी बॅटरी उतरलेली सापडते का? मग हौदाला गळती आहे. टेप किंवा जादा दिवे थेट बॅटरीवर जोडलेले असतात, ते रात्रभर वीज खातात. एक रात्र अर्थची वायर सोडून ठेवा. सकाळी सेल्फ जोरात लागला, तर चोर वायरिंगमध्ये आहे.

एवढं सगळं तपासून झाल्यावरच बॅटरीवर संशय घ्या. अगदी उतरलेली बॅटरी तासभर ट्रॅक्टर चालवून भरत नाही. ती चार्जिंगच्या दुकानात द्या आणि सावकाश चार्ज करायला सांगा. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर सात-साडेसात अँपिअरवर, रात्रभर. नंतर हायड्रोमीटरनं सहाही घरं तपासून घ्या. पाच घरं चांगली आणि एकच फार खाली दाखवत असेल, तर ते घर गेलं. तेव्हा मात्र नवी बॅटरी घ्यावीच लागेल.

आता सावधगिरीच्या गोष्टी. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. वीज आहे का हे पाहायला पान्यानं दोन टर्मिनल जोडून ठिणगी काढण्याची सवय सोडा. बॅटरी फुटून डोळे गेल्याशिवाय राहणार नाहीत असं समजूनच वागा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, अल्टरनेटर जळतो. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. जुनी बॅटरी अंगणात फोडू नका. शिसं विषारी आहे, लहान मुलांना त्याचा फार धोका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती दुकानदाराला परत द्या.

शेवटचं सांगणं. ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल तर बॅटरी भरून घ्या, अर्थची वायर सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. पेरणीच्या पंधरा दिवस आधी आपण बियाण्याची उगवण तपासतो ना, त्याच दिवशी ट्रॅक्टरला एकदा सेल्फ मारून पाहा.

थोडक्यात लक्षात ठेवा:

१. आधी दिवा, मग पट्टा, मग टर्मिनल व अर्थ, मग पाणी, मग व्होल्ट. बॅटरी सर्वांत शेवटी.
२. अर्थची वायर आधी काढा, शेवटी जोडा.
३. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड नाही.
४. दोष सापडल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका, तीही उतरेल.
५. ट्रॅक्टर उभा ठेवताना बॅटरी भरलेली ठेवा.