कानासाठी लिहिलेले गीत
(उत्सवप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कुलांतील अनेक तरुण आज देवाच्या उत्सवासाठी नवी गीते लिहू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सभामंडपात असे गीत सुरू झाले म्हणजे बहुधा गायक एकटाच गातो आणि सभा केवळ ऐकत राहते. जुना अभंग सुरू होताच मात्र, अक्षरओळख नसलेली आजीबाईदेखील दुसऱ्या चरणापासून ओठ हलवू लागते. हा फरक भक्तीतील नव्हे, रचनेतील आहे. त्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

वाचकाला पान मागे उलटता येते; श्रोत्याला येत नाही. म्हणून गीताचा अर्थ चरणागणिक पुरा झाला पाहिजे. आपल्या पूर्वसूरींनी हे छंदातच बांधून ठेवले. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक कानाला धरून ठेवते आणि आखूड चौथा चरण विचार मिटवतो. गायकाचा श्वास आणि कवीचा आशय तेथे एकाच ठिकाणी विसावतात.

भजनात टाळकरी ध्रुपद पुनःपुन्हा झेलतात. अर्थात श्रोत्याच्या पदरी नक्की पडते ते ध्रुपदच. गीताचे सार तेथे नसून तिसऱ्या कडव्यात दडले असेल, तर ते बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही.

शब्दांची निवडही कानाने करावी. ‘न कामना’ असे कागदावर स्वच्छ दिसते. तालात तेच ‘नका मना’ असे ऐकू येते आणि अर्थ पार पालटतो. ‘भवाब्धितारक’ हा समास वाचताना भारदस्त वाटतो. द्रुत लयीत त्यातील जोडाक्षर जिभेवर अडखळते. त्या जागी ‘तारणारा’ म्हटल्याने देवाचे थोरपण तिळमात्र उणे होत नाही.

सोपे म्हणजे उथळ, असा समज कोणी करून घेऊ नये. एकनाथ महाराजांनी भारुडांत विंचू, जोशी, भूत अशी गावात नित्य दिसणारी वा बोलली जाणारी रूपे घेतली आणि त्यांच्याआडून अध्यात्म सांगितले. श्रोता ओळखीच्या दाराने आत शिरतो. आत मात्र ओसरी नसते, गाभारा असतो.

आपल्या काळाजवळचे उदाहरण ‘गीतरामायणा’चे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकरांनी छप्पन्न गीते लिहिली, सुधीर फडके यांनी ती स्वरबद्ध केली. नभोवाणीवर ना रंगमंच, ना वेषभूषा. कोण बोलत आहे, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, हे सारे शब्दांनीच सांगावयाचे होते. म्हणून बहुतेक गीत एका पात्राच्या मुखी, एका प्रसंगी, एका भावावर स्थिर राहते. कथा सर्वांना ठाऊक होती हे खरे; पण ठाऊक कथेतही श्रोता क्षणभर हरवू नये, ही दक्षता कवीने घेतली.

महाजनहो, आज आपली कुटुंबे दूरदूरच्या नगरांत आणि परदेशांतही विखुरली आहेत. उत्सवास येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना मराठी वाचताना कष्ट पडतात; कान मात्र अजून शाबूत आहेत. त्या कानांना धरता येईल असे गीत आपण त्यांच्या हाती दिले नाही, तर पालखीपुढे चालताना ती मुकी राहतील.

म्हणून एक नम्र सूचना करतो. यापुढे नवी आरती वा भजन निवडताना परीक्षकांपुढे कागद ठेवू नये. गीत प्रथम एकदा गाऊन दाखवावे; मग सभेतील एखाद्या मुलाला आणि एखाद्या वृद्ध मातेला विचारावे, “काय ऐकलेत?” त्यांनी ध्रुपद म्हणून दाखविले आणि अर्थ आपल्या शब्दांत सांगितला, तरच ते गीत देवापुढे न्यावे. देव न बोललेलेही जाणतो. स्पष्ट शब्दांची गरज आहे ती शेजारी उभ्या असलेल्या भक्ताला.