साठी बुद्धी नाठी? मेंदूचा स्कॅन आणि आपली चप्पल

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो ना? आजचा एपिसोड तिच्याबद्दलच आहे. अल्झायमर म्हणजे नुसतं म्हातारपण नव्हे, तो आजार आहे. आणि मेंदूत त्याची सुरुवात पहिला विसरभोळेपणा दिसायच्या १५-२० वर्षं आधी होते.

हे कळलं कसं? पूर्वी अल्झायमरची खात्री माणूस गेल्यावर, मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच व्हायची. मग पिट्सबर्गच्या संशोधकांनी एक किरणोत्सारी द्रव्य तयार केलं. ते शिरेतून दिलं की मेंदूत साठलेल्या अमायलॉइड या प्रथिनाला चिकटतं आणि पेट स्कॅनवर उजळतं. स्वीडनमधल्या रुग्णांवर केलेला हा अभ्यास २००४ मध्ये छापून आला.

आता गंमत ऐका. स्कॅनवर अमायलॉइड भरपूर, पण स्मरणशक्ती ठणठणीत, अशीही वयस्कर माणसं असतात. म्हणजे स्कॅन साठा दाखवतो, माणूस कसा जगतोय ते नाही.

मग जगणं बदललं तर? फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या गटाने ६० ते ७७ वयाच्या, धोका जास्त असलेल्या १,२६० लोकांवर दोन वर्षं प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचा आरोग्य सल्ला. बाकीच्यांना आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष, हे सगळं एकत्र. २०१५ मध्ये निकाल आला: दोन्ही गट सुधारले, पण दुसऱ्या गटाची एकूण सुधारणा २५ टक्के जास्त होती.

आणि त्यांचा एमआरआय? काही जणांचा काढला होता. दोन वर्षांनी मेंदूच्या आकारात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही! उलट अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात, वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी तयार करणारा भाग, सुमारे २ टक्के वाढलेला दिसला. म्हणजे चित्र कधी बदलतं, कधी नाही. पण चित्र बदललं नाही म्हणून चालणं वाया गेलं, असं नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

तुम्ही म्हणाल, आम्ही पंचविशीत, आम्हाला काय त्याचं? हिशोब करा. तुमचे आई-बाबा आज पन्नाशीत असतील, तर ती १५-२० वर्षं कदाचित आत्ताच चालू असतील. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली. ती सगळी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बीपी आहे, मधुमेह आहे, धूम्रपान आहे, एकटेपणा आहे. कमी ऐकू येणं आहे. डोक्याला मार लागणंही आहे, तेव्हा हेल्मेट घाला, राव!

एक मात्र सांगतो. ही गॅरंटी नाही. सगळं नीट करूनही आजार होतो, आणि झाला तर त्यात त्या माणसाचा दोष नसतो. घरात कुणाला असेल, तर ‘तुम्ही व्यायाम केला नाहीत’ असं चुकूनही म्हणू नका.

पण स्कॅनची चौकशी करण्याआधी या आठवड्यात तीन गोष्टी करा. बाबांचं बीपी तपासून घ्या. आई टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर तिचे कान तपासून घ्या. आणि जेवणानंतर दोघांना म्हणा, ‘चला, एक चक्कर मारून येऊ.’ फोन घरीच ठेवा. माझा एपिसोड नंतर ऐकला तरी चालेल.