छातींत चढलेलें पोट

हिवाळा लागला कीं खानदेशांत भरिताच्या जेवणावळी सुरू होतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगीं भाजलीं जातात, पुऱ्यांची व कळण्याच्या भाकरींची रास पडते, आणि आग्रहापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. समजा, जळगांवनजीकच्या अशाच एका जेवणाहून चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ रात्रीं घरीं परतले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांच्या डाव्या बरगड्यांखालीं कळ उठली. उमाळे येत, पण ओकून कांहींच पडेना. श्वासही अपुरा वाटूं लागला. वडीलधाऱ्यांनीं ओवा व सोडा दिला. शेजाऱ्यांनीं बेंबी सरकल्याचें सांगून पोट चोळण्याचा सल्ला दिला. कोणी हृदयविकाराची शंका काढली; तेव्हां जवळच्या दवाखान्यांत हृदयाचा आलेख काढण्यांत आला व तो निर्दोष निघाला. घरच्यांना हायसें वाटलें. दुखणें मात्र थांबलें नाहीं.

या मंडळींस दोष देण्यापूर्वीं अशा दुखण्याचें मूळ कोठें असूं शकतें, तें पाहणें अवश्य आहे. छाती आणि पोट हीं शरीराचीं दोन दालनें. त्यांच्यामध्यें घुमटाच्या आकाराचा एक मांसल पडदा आहे. त्यास श्वासपटल म्हणतात. डॉक्टर मंडळी डायफ्रॅम म्हणतात. श्वास घेतांना हा घुमट खालीं येतो, सोडतांना वर जातो, आणि हें कार्य जन्मभर अखंड चालतें. पडद्यावर फुप्फुसें व हृदय. पडद्याखालीं जठर, यकृत, प्लीहा व आतडीं. या पडद्यास भोंक पडून पोटांतील अवयव छातींत शिरला, म्हणजे श्वासपटलाचा हर्निया झाला.

हें भोंक तीन प्रकारांनीं पडतें. कांहीं माणसांत तें जन्मतःच असतें. प्रागच्या बॉख्डालेक या शरीरशास्त्रज्ञानें 1848 सालीं ज्या मागील बाजूच्या फटीचें वर्णन केलें, ती बहुधा अर्भकपणींच त्रास देते. तथापि क्वचित् ती प्रौढपणापर्यंत गुप्त राहते. दुसऱ्या प्रकारांत, अन्ननलिका जेथून खालीं उतरते तें स्वाभाविक द्वारच उतारवयांत सैल होतें. असें पुष्कळांस होतें, आणि बहुतेकांस छातींतील जळजळीपलीकडे त्याचा उपद्रव नसतो. मात्र जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या बाजूनें वर सरकला, तर तें जठर स्वतःभोंवतीं पिळलें जाण्याची भीति असते.

तिसरा प्रकार आघाताचा, आणि खानदेशास तोच अधिक विचार करावयास लावणारा आहे. मुंबई-आग्रा रस्ता व सुरत-नागपूर रस्ता हे दोन महामार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. रावेर-यावलच्या केळ्यांनीं भरलेले ट्रक रात्रंदिवस धांवत असतात, आणि त्यांच्याच शेजारून मोटारसायकली, ट्रॅक्टर व बैलगाड्या जातात. पोटावर जबर दाब बसला, कीं पडदा आंतून फाटतो. चाकूच्या वारानें किंवा बैलाच्या शिंगानेंही त्यास छिद्र पडतें. उजवीकडे यकृताची ढाल असल्यामुळें हें भोंक पुष्कळदां डावीकडे आढळतें.

आश्चर्य असें कीं, त्या दिवशीं तें कोणाच्या लक्षांतही न येणें शक्य असतें. मांडीचें हाड मोडलेलें असतें, डोक्यास खोक पडलेली असते. सर्वांचें ध्यान तिकडे. हाड सांधलें जातें, खोक भरून येते, रोगी चालत घरीं जातो. परंतु सतत हलणाऱ्या पडद्याचें छिद्र आपोआप सांधलें जाणें कठीण. शिवाय पोटांतील दाब छातींतील दाबाहून अधिक असल्यामुळें प्रत्येक श्वासागणिक पोटांतील अवयव त्या छिद्राकडे ओढले जातात. असें महिनोन् महिने, कधीं कधीं वर्षानुवर्षें चालतें. एखादे दिवशीं भरपेट जेवण, जड ओझें, जोराचा खोकला किंवा गरोदरपण एवढें निमित्त पुरतें.

फ्रान्समधील विख्यात शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे यानें 1579 सालीं एका तोफखान्याच्या कप्तानाची हकीकत नमूद केली आहे. गोळी लागूनही तो वांचला. परंतु आठ महिन्यांनीं पोटशूळानें मरण पावला. शवविच्छेदनांत मोठें आतडें छातींत आढळलें, आणि तें ज्या छिद्रांतून गेलें त्यांत करंगळीचें टोंक जेमतेम शिरत होतें. या विकाराचें मर्म यांत आहे. छिद्र लहान, म्हणून भय लहान असें नाहीं. अरुंद छिद्रांतच आतडें अधिक आवळलें जातें, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि कांहीं तासांत तें सडूं लागतें. तें छातींत फुटल्यास विष सर्वांगांत भिनतें. दुसरीकडे, कोंडलेलें जठर वायूनें फुगून फुप्फुसास दाबतें व हृदयास बाजूला लोटतें; तेव्हां रोगी मिनिटांत घाबरा होतो.

जठर पिळलें असतां होणारीं तीन चिन्हें बोर्खार्ट या जर्मन शस्त्रवैद्यानें 1904 सालीं सांगितलीं: पोटाच्या वरच्या भागीं तीव्र वेदना, कांहीं न पडतां येणारे उमाळे, आणि नाकावाटे घातलेली नळी जठरांत न उतरणें. यांपैकीं पहिलीं दोन घरच्या माणसासही ओळखतां येतात. जोडीला धाप, डाव्या खांद्यांत कळ, पोट साफ न होणें व वायु न सरणें हीं लक्षणें असतील, तर सकाळची वाट पाहूं नये.

निदान डॉक्टरांसही सोपें नसतें. छातीच्या क्ष-किरण चित्रांत दिसणारी हवा फुप्फुसाबाहेर सांठलेली आहे असा भास होतो. आणि ती काढण्यासाठीं सुई किंवा नळी घातली, तर ती जठरांतच शिरण्याचा धोका असतो. सी. टी. स्कॅननें उलगडा बहुधा होतो. परंतु तो करण्याची बुद्धि होण्यास जुन्या अपघाताची माहिती फार उपयोगी पडते, आणि ती माहिती घरांतच असते.

म्हणून अशा प्रसंगीं रोग्यास कांहीं खाऊं-पिऊं घालूं नये. एरंडेल वा अन्य जुलाब देऊं नये. पोट चोळूं नये. त्यास टेकवून बसतें ठेवावें. हृदयविकाराची शंका असली तरी उपाय एकच: विनाविलंब रुग्णालय. महाराष्ट्रांत 2014 पासून 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सातपुड्याच्या पायथ्याच्या शिरपूर-चोपड्याकडील रोग्यास जेथें शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ व स्कॅन यांची सोय आहे, अशाच ठिकाणीं न्यावें. धुळे व जळगांव या दोन्ही शहरीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. जुनीं चित्रें व कागद बरोबर घ्यावे.

शस्त्रक्रियेंत अवयव खालीं आणून भोंक न विरघळणाऱ्या टांक्यांनीं शिवतात. तें मोठें असल्यास जाळीचा आधार देतात. आतडें जिवंत असतां ही क्रिया बरीच सुरक्षित असते. तें सडल्यावर तीच जिवावर बेतते. मधलें अंतर थोड्या तासांचें असतें.

आरंभींच्या गृहस्थांकडे पुन्हां वळूं या. पहांटे मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांनीं विचारलें, “पूर्वीं कांहीं अपघात?” गृहस्थांनीं मान हलविली; तें ते विसरलेच होते. पत्नी मात्र म्हणाली, “पांच वर्षांपूर्वीं पारोळ्याच्या रस्त्यावर यांची गाडी ट्रॅक्टरवर आदळली होती. पाय मोडला होता.” त्या एका वाक्यानें स्कॅन झाला, आणि आतडें काळें पडण्यापूर्वीं शस्त्रक्रिया झाली. असें वाक्य पुष्कळ घरांत कोणाच्या तरी स्मरणांत असतें; पाय बरा झाला म्हणून अपघात संपला असें समजून तें कोणी उच्चारीत नाहीं. श्रोत्यांनीं तें वेळेवर उच्चारावें.